मोकळ्या पायाची खूण

मंगळवारी सकाळी मारितनं ती बातमी दिली तेव्हा माझ्या हातात कॉफीचा मग होता, आणि तो पडला नाही. अशा वेळी मग पडतात ते गोष्टीतल्या लोकांचे. मी नुसता एक घोट घेतला, इतकंच. मारित आमच्या स्केटिंग क्लबची अध्यक्ष. येत्या शनिवारी क्लबला पन्नास वर्षं होणार म्हणून ती गेला महिनाभर रिंकच्या वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या खोलीत ठाण मांडून बसली होती. कोणी वेलदोड्याचे पाव करायचे, कोणी खुर्च्या लावायच्या, कोणी पडदे धुवायचे, सगळं तिनं वाटून दिलेलं. माझ्या वाट्याला कॉफी ओतणं आलं होतं. "रौनो, तुझी कॅसेट मिळाली," ती कपाटात ट्रे रचता रचता म्हणाली. कुठली, असं मी विचारलं. "राष्ट्रीय स्पर्धेची. तू जिंकलास ती. तुओमोच्या वडिलांनी कॅमेऱ्यानं काढलेली. आईचं घर आवरताना त्याला सापडली, काल आणून दिली त्यानं. शनिवारी सगळ्यांना दाखवायची." तू पाहिलीस का, असं मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. "मला कुठला वेळ? सगळ्यांबरोबरच पाहीन. पोरी तर कधीच्या मागे लागल्यात, रौनोला डोक्यावर केस होते तेव्हा तो कसा दिसायचा ते बघायचंय म्हणून." मी हसलो. मग खाली जाऊन स्केट्स बांधले, आणि डाव्या स्केटची नाडी तीनदा सोडून तीनदा बांधली.

खाली बर्फावर तुओमो यंत्र फिरवत होता. दर तासाला तो ते मोठं निळं यंत्र घेऊन येतो, ओरखडलेला बर्फ तासतो, त्यावर गरम पाण्याचा पातळ थर देतो आणि जातो. मागे काचेसारखा कोरा बर्फ राहतो. मी शिकवायला म्हणून आमच्या गावी, कुओपिओला परत आलो तेव्हा तो या यंत्रावर होताच. बावीस वर्षं झाली. रोज सकाळी तो यंत्रावरून दोन बोटं टोपीला लावतो, मी मान हलवतो. आठवड्यातून एकदा हवेबद्दल बोलतो. त्या मंगळवारीही त्यानं दोन बोटं टोपीला लावली, आणि मी त्या दोन बोटांकडे बघत राहिलो. कॅसेट यानं आणून दिली. एकतीस वर्षं ती त्याच्या आईच्या घरात पडून होती, म्हणजे एकतीस वर्षांत त्या घरात कोणीतरी ती पाहिली असणारच. मनात पाल चुकचुकली. सूडच घ्यायचा असता तर माणूस एकतीस वर्षं थांबेल का, असं मी स्वतःला विचारलं, आणि मग स्वतःच उत्तर दिलं की इथला, सावो प्रांतातला माणूस थांबेल. इथल्या लोकांना कशाचीच घाई नसते.

आता त्या कॅसेटमध्ये काय आहे ते सांगतो. त्या डिसेंबरात मी बावीस वर्षांचा होतो आणि तुओमोही. पुरुषांमध्ये त्या वर्षी आम्ही सातच जण बर्फावर उतरलो होतो. या देशात मुलगा बर्फावर गेला तर तो हातात काठी घेऊन जातो. बिनकाठीचा मुलगा दिसला की हॉकीवाले आपले स्केट्स बांधायचे थांबून आधी त्याच्याकडे बघून घेतात. तुओमोला आणि मला त्यांनी वर्षानुवर्षं "राजकन्या" म्हटलं. एकट्याला म्हटलं असतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण आम्ही दोघे होतो, आणि दोन राजकन्यांना मारणं एकीला मारण्याइतकं सोपं नव्हतं. तर सात जण, आणि युरोपच्या स्पर्धेत जागा एकच. तुओमो माझ्या आधी उतरला आणि एकही चूक न करता बाहेर आला. त्याच्या उड्या माझ्यापेक्षा सोप्या होत्या, पण दोरीनं आखल्यासारख्या स्वच्छ. माझा सगळा भरवसा एका उडीवर होता, हवेत तीन फेऱ्यांच्या. ती मी घेतली, तीन फेऱ्या झाल्या, उजव्या पायावर उतरलो, आणि उतरता उतरता डाव्या पायाचं, म्हणजे जो मोकळा हवेत राहायला हवा त्या पायाचं टोक बर्फाला लागलं. श्वासभर. पंचांना दिसलं नाही, कारण ते लांबच्या बाजूला बसले होते आणि माझंच शरीर मध्ये होतं. पण मला ऐकू आलं. एका पात्याचा आवाज वेगळा असतो, दोन पात्यांचा वेगळा. सगळ्या संगीतातून तो खर्र मला ऐकू आला. नऊ पंच होते. पाच माझ्या बाजूनं गेले, चार तुओमोच्या.

पाय लागणं ही चूक झाली. चूक कोणाचीही होते. पण त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते मी कोणालाही सांगितलं नाही. लग्नाच्या बायकोला नाही, आणि घटस्फोट झाल्यावर तीच म्हणाली होती की तुझ्या आत एक खोली आहे, तिथं तू मला कधी नेलंच नाहीस, तेव्हाही मी सांगितलं नाही. संगीत थांबलं, लोक टाळ्या वाजवू लागले. वाकून नमस्कार करायला खेळाडू मधोमध जातो, पंचांकडे तोंड करतो. मी आधी त्या कोपऱ्यात गेलो. लोकांना वाटलं असेल, पोरगं भांबावलं. मी तिथं गेलो, ती खूण मला दिसली, मुख्य रेघेच्या शेजारी नखाएवढी दुसरी रेघ, आणि मी तिच्यावर आडवा ब्रेक मारला. बर्फाचा चुरा उडाला. खूण गेली. मग मी मधोमध जाऊन वाकलो. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात कठड्याला टेकून तुओमोचे वडील, आर्वो, खांद्यावर तो जडशीळ कॅमेरा घेऊन उभे होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझ्या गळ्यात पदक होतं.

युरोपात मी एकोणिसावा आलो. विमानात, हॉटेलात, तिथल्या परक्या बर्फावर, सगळीकडे माझ्या शेजारी एक रिकामी जागा होती आणि तिथं तुओमो बसला होता. त्यानं त्याच वसंतात स्केट्स खिळ्याला टांगले. पुढच्या दोन वर्षांत माझा गुडघा गेला, मग सात हिवाळे मी जर्मनीत एका बर्फावरच्या तमाशात अस्वल झालो होतो. हसू नका, अस्वलाच्या कातडीत मला फार सुखात वाटायचं. अस्वलाचा पाय लागला काय आणि न लागला काय, पोरं टाळ्या वाजवतातच. शिवाय तोंड दिसत नाही. तो तमाशा दिवाळखोरीत गेला नसता तर मी अजून अस्वलच असतो, असं कधी कधी वाटतं. पण बंद पडला, मी परत आलो, आणि ज्याला दुसरं काही येत नाही तो शिकवतो या न्यायानं शिकवू लागलो.

पहिल्याच हिवाळ्यात एक मुलगी होती. तिनं उडी मारली, मोकळा पाय खाली लागला आणि तिनं पटकन माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं की नाही, ते बघायला. तिचा तो चेहरा मी ओळखला; त्याच्याशी माझी जुनी ओळख होती. त्या दिवशी मी नियम केला, जो अजून आहे. ज्याचा पाय लागेल त्यानं आपणहून हात वर करायचा. कोणी पाहिलं असो वा नसो. मी रागावणार नाही, कोणी हसणार नाही, फक्त हात वर करायचा आणि तीच उडी पुन्हा मारायची. सुरुवातीला पालक कुरकुरले. एक बाप म्हणाला, स्पर्धेत काय पंचांना हात दाखवायचा का? मी म्हटलं, स्पर्धेतलं पंच बघतील, इथं आपण बघू. हळूहळू तो नियम आमच्या क्लबची ओळखच झाला. दुसऱ्या गावचे शिक्षक बघायला येतात. मागे वर्तमानपत्रात छापूनही आलं, माझ्या फोटोसकट, "प्रामाणिकपणा शिकवणारा माणूस" असं काहीतरी. ते कात्रण मारितनं चौकटीत घालून कॉफीच्या खोलीत लावलंय. मी त्या भिंतीकडे पाठ करूनच बसतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. मी सगळ्या गावाकडून हात वर करवून घेतले, आणि माझा तेवढा खिशात राहिला.

बुधवारी केर्त्तुनं चौदा वेळा हात वर केला. ती आठ वर्षांची आहे, पुढचे दोन दात नवे आलेले, आणि माझा नियम माझ्यापेक्षा तीच जास्त पाळते. पाय लागो न लागो, जरा शंका आली की हात वर. "केर्त्तु, या वेळी लागला नव्हता," मी म्हटलं. "लागला असता," ती म्हणाली. "असता आणि लागला यात फरक आहे." "मला तरी आतून लागल्यासारखा वाटला," ती म्हणाली आणि पुन्हा वेग घ्यायला निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. शनिवारी ही पहिल्या रांगेत बसणार. हिच्या नजरेला पाय दिसणार नाही असं होणारच नव्हतं, कारण ती नजर मीच तयार केली होती. पंचांचं मला भय नव्हतं. त्यातले सहा वारले. पदक परत मागायला कोणी येणार नव्हतं. मला भय होतं ते या दोन नव्या दातांचं. तिनं तो कोपरा बघितला, मला तिथं ब्रेक मारताना बघितलं, की सोमवारी तिचा पाय लागेल तेव्हा ती आधी माझ्याकडे बघेल. हात वर करायच्या आधी. बावीस वर्षांत जे बांधलं ते तेवढ्यानं गेलं असतं.

तुओमोशी बोलायचं मी एकदा, फक्त एकदा, धाडस केलं होतं. त्या डिसेंबरानंतरच्या उन्हाळ्यात, त्यांच्या कल्लावेसी सरोवराच्या काठावरच्या सौनात, म्हणजे वाफेनं अंघोळ करायच्या लाकडी खोलीत. आम्ही दोघे वरच्या फळीवर उघडे बसलो होतो, सरोवर खिडकीतून उन्हाळी उजेडात पांढरं दिसत होतं. सौनात भांडण करायचं नसतं, म्हणून मी ती जागा निवडली होती. मी विचारलं, "तुओमो, ती माझी शेवटची उडी. तुला काय वाटतं तिचं?" त्यानं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ आली, गेली. मग म्हणाला, "उडी होती. उडीसारखी." इकडे एक म्हण आहे, सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. मी मूळचा इथला नाही. नऊ वर्षांचा असताना आईबरोबर तुर्कूहून आलो. तिकडे हो म्हणजे हो असतं. ते तीन शब्द मी एकतीस वर्षं उलटेसुलटे करून पाहिले. उडीसारखी म्हणजे खरी उडी नव्हे? की उडी कशी असावी तशी? एका रात्री ते शब्द शिवी वाटत, दुसऱ्या दिवशी माफी. आता कळतं की मी आडून विचारलं म्हणून त्यानं आडून सांगितलं. सरळ विचारलं असतं तर कदाचित सरळ सांगितलं असतं, कदाचित नसतंही. बघा, मीही शिकलो त्यांच्यासारखं बोलायला.

गुरुवारी मी चोरी करायला गेलो. सकाळी लवकर, कोणी यायच्या आत. खोलीची किल्ली माझ्याकडे असतेच. कपाटात ट्रेच्या खालच्या फळीवर कॅसेट होती. काळी, धुळकट, पाठीवर कागदाची पट्टी, आणि पट्टीवर तुओमोच्या आईचं अक्षर. हिल्काचं अक्षर मी कुठंही ओळखीन. तिनं मला गणित शिकवलंय. माझी आई इस्पितळात रात्रपाळी करायची, त्यामुळे सरावानंतर मी तुओमोकडे जेवायचो, किती वर्षं ते मोजलेलं नाही. राय धान्याच्या काळ्या पावात छोटे मासे आणि डुकराची चरबी भरून ती रात्रभर भट्टीत ठेवायची. सकाळी झाकणासारखा वरचा भाग कापला की वाफ निघायची. पहिला तुकडा तुओमोला, दुसरा मला, कधी पहिला मला. युरोपातून आल्यावरही तिनं तसंच वाढलं. तुओमो त्या दिवशी टेबलावर नव्हता. मी खाली मान घालून खाल्लं आणि ती म्हणाली, "सावकाश खा रे पोरा, कोणी मागे लागलेलं नाही." गेल्या शरद ऋतूत ती गेली. अंत्यविधीला मी गेलो, काळा कोट घालून कोपऱ्यात उभा राहिलो, तुओमोचा हात हातात घेतला. तर त्या पट्टीवर तिनं लिहिलं होतं: "पोरं. डिसेंबर." तुओमो नव्हे. पोरं. मी कॅसेट कोटाच्या आतल्या खिशात घातली. ती बरगडीला टोचत होती. मग दाराशी आलो तेव्हा मारितचं टिपण दिसलं, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं: "कॅसेटची प्रत झाली. मूळची तुओमोला परत." तारीख कालची. म्हणजे चोरीसुद्धा मला वेळेवर करता आली नाही. मी कॅसेट परत फळीवर ठेवली, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. आता माझ्या हातात काही राहिलं नव्हतं.

शनिवारी मार्चचं ऊन बर्फावरून उलटून खोलीत येत होतं, पडदे ओढावे लागले. पन्नासएक माणसं असतील. मुली पुढे जमिनीवर, पालक खुर्च्यांवर, जुने लोक भिंतीशी. मी किटली घेऊन उभा. तुओमो दाराशी, कामाच्या विजारीत, कारण तीन वाजता त्याला बर्फ गुळगुळीत करायचा होता. मारितनं भाषण केलं, त्यात दोनदा माझं नाव आलं, दोन्ही वेळा मी कोणाच्या तरी भरलेल्या कपात आणखी कॉफी ओतली. मग भिंतीवर चित्र आलं. हलतं, पिवळट, मध्येच कठड्याचा तुकडा, मध्येच आर्वोचा अंगठा. आधी तुओमो होता. कोवळा, बारीक, सरळ. त्याच्या चित्रामागून कॅमेऱ्याच्या जवळून एक बाईचा आवाज येत होता, पुटपुटल्यासारखा, "सरळ... सरळ... हां, असंच." मी दाराकडे पाहिलं. तुओमोनं टोपी काढली होती. तो भिंतीकडे बघत नव्हता, डोळे मिटून ऐकत होता. तेव्हा मला कळायला हवं होतं की त्यानं ती कॅसेट का आणली. पण चोराच्या मनात चांदणं. मला फक्त माझाच पाय दिसत होता.

मग मी आलो. फिकट निळा सदरा, त्यावर माझ्या आईनं रात्रपाळ्यांमधून शिवलेला चंदेरी दोरा, आणि केस. पोरी केसांना हसल्या, मलाही हसू आलं, इतके केस कोणाला असतात? संगीत कॅमेऱ्यात चिरकत होतं. मला प्रत्येक पाऊल ठाऊक होतं. आता वळण, आता लांब मागे जाणं, आता उडी. किटलीचा दांडा माझ्या तळहातात ओला झाला. तो निळा पोरगा उडाला, फिरला, उतरला. खर्र आवाज कॅमेऱ्यात आला नव्हता. पण पाय आला होता, कोपऱ्यातून, स्वच्छ, सगळ्या भिंतीएवढा.

"पाय," केर्त्तु म्हणाली. मोठ्यानं नाही, रोज बर्फावर म्हणते तशी. आणखी दोघीतिघींनी तेच म्हटलं. आणि त्याच वेळी भिंतीतून हिल्काचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा. "लागला बघ त्याचा पाय." मग आर्वोचा, "लागला?" मग पुन्हा तिचा. "लागला. पण तू कुठं बोलू नकोस. तेही आपलंच पोरगं आहे." पुढं संगीत चालू राहिलं. तो पोरगा थांबला, टाळ्या पडल्या, तो कोपऱ्यात आला, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, खाली बघितलं आणि ब्रेक मारला. बर्फाचा चुरा भिंतीवर उडाला. मग तो मधोमध गेला आणि वाकला. म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या सगळ्या जेवणांत, पहिल्या तुकड्यांत, "सावकाश खा"मध्ये. मी इतकी वर्षं तिच्या टेबलावर चोरासारखा मान खाली घालून बसलो, आणि ती चोरालाच वाढत होती, समजून उमजून. माझे डोळे भरून आले. ते मी लपवलं नाही, लपवायला हात मोकळा नव्हता. मग मी किटली टेबलावर ठेवली आणि हात वर केला.

आमच्याकडे शांतता पडली की ती पडून राहते, कोणी उचलायला धावत नाही. मी हात वर धरून उभा होतो, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा, आणि मला वाटत होतं की हा हात खाली कधी घ्यायचा याचा नियम मी केलेलाच नाही. "माझा पाय लागला होता," मी म्हणालो, "आणि ती खूण मी मुद्दाम पुसली. ते तुम्ही आत्ता पाहिलंत. हात वर करायला मला एकतीस वर्षं लागली." केर्त्तु मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडात पाव होता. तो तिनं नीट चावला, गिळला. "मग उडी पुन्हा मारायला लागेल," ती म्हणाली. मारित म्हणाली, "अगं, तो त्रेपन्न वर्षांचा आहे." "नियम आहे," केर्त्तु म्हणाली, आणि हसण्याचा असा लोंढा आला की भिंतीशी बसलेली जुनी माणसंसुद्धा हसली. भिंतीवरची ती कात्रणाची चौकट हसण्यानं पडली नाही, पण मी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो.

तीन वाजता मी खाली गेलो तेव्हा तुओमो यंत्राच्या टाकीत गरम पाणी भरत होता. वाफ त्याच्या तोंडावर येत होती. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. या वेळी आडून बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. "तुओमो, ती जागा तुझी होती." त्यानं नळी हलवली. "असेल. नसेलही." "आणि ती खूण मी पुसली." "ते दिसलं," तो म्हणाला. "खुणा पुसणं माझं काम. तू उगाच माझ्या कामात हात घातलास, आणि पुसलंसही वाईट. कड राहिली होती." मी म्हटलं, "तू कधी पाहिलीस ही कॅसेट?" "आज. घरी कॅसेट चालवायचं यंत्र कधीच मोडलं. आईचा आवाज असेल त्यात, म्हणून मारितला दिली. आवाज होता." मग मी विचारलं, "म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?" "मला विमानात बसायची भीती वाटायची," तुओमो म्हणाला. "ती जागा गेली तेव्हा मी सुटलो, असं मी म्हणालो तर तुला बरं वाटेल का?" मी विचार केला. "बरं वाटेल." "मग म्हणालो समज," तो म्हणाला आणि नळ बंद केला.

मी हसलो, मोठ्यानं, आणि ते हसणं पोटातून आलं. हे खरं की खोटं, ते मला आयुष्यात कळणार नाही, आणि कळायची गरजही उरली नाही. मग तो यंत्रावर चढला. चढता चढता म्हणाला, "रविवारी ये. तिच्यासारखा मासे भरलेला पाव मला जमत नाही, पण खाता येईल इतपत होतो." मी येतो म्हटलं. सरळ, तुर्कूच्या माणसासारखं.

त्यानं बर्फ केला. सावकाश, कडेपासून आत, नेहमीसारखा. पोरी कठड्याला ओळीनं टेकल्या होत्या, मागे पालक, कॉफीचे कप हातात. मी स्केट्स बांधले. डावी नाडी एकदाच बांधली, ती बसली. तीन फेऱ्यांचा प्रश्नच नव्हता. गुडघ्याशी मी बोलून पाहिलं, एक फेरी द्यायला तो तयार झाला. ओल्या बर्फाचा वास आला, धुतलेल्या पाटीसारखा, आणि मला वाटलं, अस्वलाच्या कातडीशिवाय इतकं सुखात मला इथं कधी वाटलंच नव्हतं. मागे जायला लागलो. वारा कानांना लागला, डोक्याला जरा जास्तच लागला. तुओमोनं यंत्र दाराशी थांबवलं होतं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होता. मी उडालो. एक फेरी झाली, पूर्ण झाली, उजव्या पायावर उतरलो, आणि डाव्या पायाचं टोक खाली आलं.

खर्र. तोच आवाज. कठड्याशी कोणी हललं नाही. कदाचित कोणाला दिसलंही नसेल. माझा हात मला कळायच्या आत वर गेला होता.

"पुन्हा," केर्त्तु म्हणाली, मी तिला रोज म्हणतो त्याच कोरड्या आवाजात.

मी वळलो आणि पुन्हा वेग घेतला.